गडद शेड "नंतर काढू" म्हणणाऱ्या टीमला काय सांगायचं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तू एका नवीन मेकअप कंपनीत प्रॉडक्ट टीममधे लागलीयेस, पहिलं फाउंडेशन, म्हणजे चेहऱ्याला लावायचा त्वचेच्या रंगाचा बेस, येतंय, आठ शेड ठरल्यात आणि त्यातली सगळ्यात गडद शेड म्हणजे जेमतेम गव्हाळ. तू मीटिंगमधे विचारलंस की सावळ्या बायकांनी काय लावायचं, तर उत्तर मिळालं की मागणी आली की काढू, आपण काही समाजसेवा करत नाही, आणि प्रत्येकासाठी प्रॉडक्ट काढायची नैतिक जबाबदारी कुठल्याच कंपनीवर नसते. ताई हे खरंच असं आहे का, असं तू विचारलंयस.

माझं उत्तर, जबाबदारी आहे. सगळ्या कंपन्यांवर सगळ्या गोष्टींची सरसकट नाही, पण तुमच्या कंपनीवर या बाबतीत नक्की आहे. मी तेवीस वर्षं ब्रायडल मेकअप करतेय, त्याआधी नाटकाच्या रंगभूषाकारांच्या हाताखाली शिकले, आणि हे जे मी लिहितेय ते पुस्तकातनं आलेलं नाहीये, खूप चेहऱ्यांवर चुकीचं काम केल्यानंतर आलंय.

मी सुरुवात केली तेव्हा लग्नाचे फोटो रोलवर निघायचे. फोटोग्राफर मेकअप चालू असतानाच दारातून डोकावून सांगायचा, मॅडम बेस दोन शेड वर, म्हणजे उजळ घ्या, नाहीतर नवरी फोटोत येणार नाही. आणि तो खोटं बोलत नव्हता, खरंच यायची नाही. शेजारी पांढऱ्या कपड्यातला नवरा, मागे झगमगीत स्टेज, त्यात सावळ्या मुलीचा चेहरा काळा ठिपका होऊन जायचा, नाक कुठे संपतं गाल कुठे सुरू होतो काही कळायचं नाही. मला कितीतरी वर्षं वाटायचं हा कातडीचा दोष आहे. खूप नंतर कळलं की कलर फिल्म बनवताना आणि लॅबमधे प्रिंटचे रंग जुळवताना समोर जे कार्ड ठेवायचे, ज्याला शर्ली कार्ड म्हणायचे, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा. कोडॅक लॅबना हे कार्ड पाठवायची आणि तिची त्वचा नीट दिसली की मशीन नीट, असा हिशोब. अनेक वर्षं हेच चाललं. पुढे फिल्म सुधारली, आणि त्यामागे दबाव कुणाचा होता तर चॉकलेट कंपन्यांचा आणि फर्निचरवाल्यांचा, कारण त्यांच्या जाहिरातीत डार्क चॉकलेट आणि मिल्क चॉकलेट सारखंच दिसत होतं, लाकडाचे रंग वेगळे ओळखू येत नव्हते. काळ्या आईबापांना आपल्या मुलांचे शाळेचे फोटो खराब येतात हे तोवर दिसतच होतं, पण त्यासाठी कुणाला फिल्म बदलावीशी वाटली नव्हती. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मला त्या सगळ्या नवऱ्या आठवल्या ज्यांना मी "फोटोसाठी" म्हणून पांढरं केलं होतं.

म्हणजे बघ साखळी कशी होते. फिल्म एका कातडीवर जुळवली गेली, म्हणून फोटोग्राफर बेस वर घ्यायला सांगायचा, म्हणून मी तसं करायला शिकले, मी माझ्या वर्गातल्या मुलींना तसंच शिकवलं, आणि पाच-दहा वर्षांत मंगल कार्यालयातल्या प्रत्येक मावशीला वाटायला लागलं की नवरी अशीच दिसते, चेहरा एका रंगाचा आणि मान हात दुसऱ्या रंगाचे. आता फिल्म गेली, मोबाईलचे कॅमेरे आले, तरी सवय राहिली आहे. आजही हळद उतरली की कुणीतरी कानात येऊन सांगतंच, "जरा उजळ कर गं." प्रॉडक्ट असं वागतं. ते नुसतं विकलं जात नाही, लोकांचे डोळे बदलतं.

दुकानातही तीच गत होती. तुळशीबागेत तेव्हा चांगल्या फाउंडेशनच्या तीन-चार शेड मिळायच्या आणि त्यातल्या एकीवर "नॅचरल" लिहिलेलं असायचं, जी माझ्या स्वतःच्या हातावर लावली तर चुना लावल्यासारखी दिसायची. कुणाचं नॅचरल? मी मग नाटकातल्या ब्राऊन पेंट स्टिकमधे पिवळी मिसळून हाताच्या पाठीवर रंग बनवायचे. बार्शीजवळच्या एका मुलीचं लग्न होतं, तुकतुकीत काळीसावळी, इतकी सुंदर त्वचा की बेसची गरजच नव्हती, पण घरच्यांचा आग्रह, फोटोग्राफरचा आग्रह, आणि माझ्या पेटीतली सगळ्यात गडद बाटली तिच्यापेक्षा तीन शेड वर. मी तीच लावली. दोन वर्षांनी ती धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी मला बोलवायला आली आणि ॲडव्हान्स देताना फक्त एवढंच म्हणाली, ताई हिचा चेहरा हातासारखाच ठेवा. भांडली नाही, तक्रार केली नाही. तेव्हापासून मी मान आणि हात बघितल्याशिवाय बेस उघडत नाही.

आता तुमच्या टीमचं "मागणी आली की काढू". हे वाक्य ऐकायला व्यवहारी वाटतं पण यातच सगळी गडबड आहे, आणि मी तुला धंद्याच्या भाषेत सांगते कारण मीटिंगमधे तीच चालते. जी बाई काउंटरवर आली, बाटल्या बघितल्या, आपली शेड नाही हे तिच्या लक्षात आलं आणि ती गेली, तिचं बिल कुठे फाटतं? तिची नोंद कुठेच होत नाही. दुसरी बाई लग्न तोंडावर आहे म्हणून नाइलाजाने दोन शेड उजळ घेते, घरी जाऊन त्यात कॉम्पॅक्ट मिसळते, काजळाचा ब्राऊन मिसळते, पण तुमच्या रिपोर्टमधे काय दिसतं, तर उजळ शेड खपतात. तिसरी दुकानात येतच नाही कारण तिला कॉलेजमधे असतानाच समजलंय की या काउंटरवर आपल्यासाठी काही नसतं. तर तुमचा आकडा मागणीचा नसतोच मुळी, तुम्ही जे ठेवलं त्याचा असतो. मग त्याच आकड्यावरून पुढच्या वर्षीच्या शेड ठरतात.

आणि माल ठेवला तर काय होतं याचं उदाहरण जगासमोर आहे. सप्टेंबर २०१७ मधे गायिका रिहानाच्या फेंटी ब्यूटी या मेकअप ब्रँडने पहिल्याच दिवशी चाळीस शेडचं फाउंडेशन आणलं. गडद शेड खपत नाहीत हे तोवर या धंद्यात ठाम सत्य मानलं जायचं. लाँच झालं आणि सगळ्यात गडद शेडच भराभर संपायला लागल्या, मग बाकीचे मोठे ब्रँड एकामागून एक चाळीसवर किंवा त्याच्या पुढे गेले. त्या बायका २०१७ साली जन्माला आल्या नव्हत्या ना, त्या आधीपासून होत्याच.

पण मी धंद्यावर थांबणार नाही, कारण तू नैतिकतेचं विचारलंयस आणि "करा, फायदा होईल" हे नैतिक उत्तर नाहीच. उद्या फायदा झाला नाही तर काय, मग सोडून द्यायचं? माझ्या मते जबाबदारी येते ती तुम्ही काय बोलता तिथून. तुमच्या डब्यावर "भारतीय त्वचेसाठी" असं लिहिलंय असं तू सांगितलंस. हे लिहिलं की तुम्ही शब्द दिलात. भारतीय त्वचा म्हणजे काश्मीरपासून तामिळनाडूपर्यंत, आणि आपल्याकडेच कोकणातल्या घाऱ्या गोऱ्या मुलीपासून गडचिरोलीच्या, मराठवाड्याच्या उन्हात वाढलेल्या मुलीपर्यंत किती रंग आहेत. त्यातल्या अर्ध्यांना बाहेर ठेवून "भारतीय" लिहिणं म्हणजे त्या अर्ध्यांना सांगणं की तुम्ही यात धरलेल्या नाही. शेडच्या आधी ते लेबल खोटं आहे. कोल्हापुरात एखादी बाई घरच्या घरी तीन शेडचं टिंट बनवून विकते, तिच्याकडे भांडवल नाही, तिला मी कधीच म्हणणार नाही की तू चाळीस काढ, तिने फक्त खरं लिहावं, "गव्हाळ ते सावळ्या रंगासाठी", बस. पण पैसा उभा केलेली, मोठ्या दुकानांच्या साखळीत जाणारी कंपनी असेल तर नुसतं खरं लिहून सुटका नाही, कारण तिथे शेल्फ मर्यादित असतं आणि तुम्ही जागा घेतलीत की दुसऱ्या कुणाला ती मिळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वगळल्यावर त्या माणसाचं नुकसान किती होतं. मेकअपमधे नुकसान मनाचं, पैशाचं आणि अपमानाचं. पण हाच प्रकार ऑक्सिमीटरमधे झाला तर? कोविडमधे आपल्या घराघरात ते क्लिपसारखं यंत्र आलं होतं, बोटाला लावायचं, ९४ च्या खाली गेलं की धावपळ. ते यंत्र बोटातनं प्रकाश पाठवून मोजतं आणि त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे तिला रंग देणारं द्रव्य, त्या प्रकाशात लुडबूड करतं. डिसेंबर २०२० मधे अमेरिकेत मिशिगनच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं की यंत्रावर ९२ ते ९६ दिसत असताना रक्तात प्रत्यक्षात ८८ च्या खाली ऑक्सिजन असण्याचं प्रमाण काळ्या रुग्णांत ११.७ टक्के होतं आणि गोऱ्यांत ३.६ टक्के. जवळपास तिप्पट. यंत्र बेकायदेशीर नव्हतं, कुणी मुद्दाम केलं नव्हतं, फक्त तपासताना गडद बोटं पुरेशी घेतली नव्हती. तिथे कुणी म्हणेल का की मागणी आली की सुधारू? मला म्हणायचंय की फाउंडेशन आणि ऑक्सिमीटर एकाच वजनाचे नाहीत हे मला कळतं, पण चूक एकाच जागी होते. कुणावर तपासलं, या एका प्रश्नावर. ज्या वस्तूत जीवाचा प्रश्न आहे तिथे मी कायदा मागेन, जिथे नाही तिथे कायदा नको पण लाज तरी वाटली पाहिजे.

एक गोष्ट मात्र मी त्याहून वाईट मानते, ती म्हणजे जाहिरातीत सावळी मॉडेल आणि डब्यात तिची शेड नाही. हे हल्ली खूप चाललंय. पोस्टरवर चार रंगांच्या मुली हसतायत आणि काउंटरवर गेलं की चौथीचा रंग "लवकरच येत आहे". एका शूटला मी स्वतः होते, कंपनीचं नाव घेत नाही, सावळ्या मॉडेलला त्यांची शेड जुळेना म्हणून मला सांगितलं की तुमच्या पेटीतलं लावा, फोटोत कुठे कळतंय. मी लावलं, पैसे घेतले, आणि पुढच्या शूटला नाही म्हणून कळवलं. प्रतिनिधित्व म्हणतात ते आधी बाटलीत असलं पाहिजे, मग होर्डिंगवर. बाटलीत नसेल तर होर्डिंगवरही नको, निदान एखादी मुलगी आशेने बस बदलून काउंटरपर्यंत येणार तरी नाही.

आपल्या देशात तर या प्रश्नाला अजून एक पदर आहे, कारण इथे कंपन्यांनी सावळा रंग नुसता विसरला नाही, त्याला आजार ठरवून औषध विकलं. फेअर अँड लव्हली १९७५ ला आली आणि २०२० ला तिच्या नावातलं फेअर गेलं, पंचेचाळीस वर्षं. जाहिरातींमधे गडद रंगाच्या माणसाला कमी लेखू नका, दुःखी दाखवू नका असे नियम जाहिरात क्षेत्राच्या स्वतःच्या परिषदेला २०१४ मधे लिहून काढावे लागले, यावरूनच आधी काय दाखवत होते ते समजतं. नोकरी मिळत नाही, स्थळ येत नाही, मग ट्यूब, मग सगळं मिळतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यावर मी याचे परिणाम हाताने चाचपलेत. डॉक्टरला न विचारता लावलेल्या स्टेरॉईडच्या क्रीमने त्वचा इतकी पातळ झालेली असते की ब्रश फिरवला तरी लाल होते, गालावर बारीक शिरा दिसतात, ओठांच्या वर लव वाढलेली. वय बावीस-तेवीस. त्या मुलीला मी बेस काय लावणार, मी आधी त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवते आणि बुकिंग पुढे ढकलते. ज्या गावात घराघरात सावळा विठ्ठल पुजतात तिथल्या मुलीला आपला रंग लपवावासा वाटतो, हे आपोआप झालेलं नाहीये, पैसे खर्चून केलेलं आहे. म्हणून आपल्याकडच्या मेकअप कंपनीला "आम्ही तटस्थ आहोत, जे खपतं ते विकतो" असं म्हणता येत नाही. ज्या बाजारात तुम्ही उतरताय तो आधीच एका बाजूला झुकवलेला आहे.

टीम अजून एक मुद्दा काढेल, कदाचित काढलाही असेल, की गडद शेड बनवायला अवघड असतात. हे खरं आहे आणि म्हणूनच ते नंतरवर ढकलायचं नसतं. फाउंडेशनचा रंग साधारण चार गोष्टींनी बनतो, टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे पांढरा आणि लाल, पिवळा, काळा असे आयर्न ऑक्साइड. उजळ शेडमधे पांढरा भरपूर असतो, कव्हरेजही बरंचसं त्याच्यामुळे येतं. आता तुम्ही आधी उजळ शेडचा फॉर्म्युला पक्का केला आणि मागाहून त्यात काळा वाढवत गेलात तर गडद शेड नाही मिळत, राख मिळते. चेहऱ्यावर राख फासल्यासारखं करडं दिसतं, ट्यूबलाइटखाली तर फारच. गडद शेडला पांढरा कमी, लाल पिवळ्याचा तोल वेगळा, आणि पांढरा कमी झाला की कव्हरेज आणि पसरण्याची पद्धत बदलते म्हणून बेसवरच परत काम करावं लागतं. वर आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत पण एक प्रकार नाही, कुणाची पिवळसर, कुणाची तांबूस, कुणाची हिरवट छटा, ओठांभोवती आणि डोळ्यांखाली रंग वेगळा. यासाठी केमिस्टला वेळ लागतो. तो वेळ पहिल्या दिवसापासून दिला तर खर्च बेताचा येतो, दोन वर्षांनी दिला तर सगळं पहिल्यापासून, आणि मग कुणीतरी म्हणतं गडद शेड परवडत नाहीत.

शेड जास्त म्हणजे स्टॉक जास्त, डेड स्टॉकची, म्हणजे न खपता पडून राहणाऱ्या मालाची भीती, हेही मला समजतं. डिस्ट्रिब्युटर वीसातल्या आठ उचलतो, सोलापूरचा दुकानदार त्यातल्या तीन ठेवतो, आणि कंपनी म्हणते आम्ही तर बनवलं होतं. तिथेही जबाबदारी संपत नाही, गडद शेडचे छोटे पॅक द्या, न खपलेला माल परत घ्यायची हमी द्या, टेस्टर फुकट द्या, दुकानदार ठेवतो. त्याचंही पोट आहे, त्याला धोका तुमच्या वतीने पत्करायला का लावायचा.

माझ्या वर्गात एक दृष्टिहीन मुलगी यायची, स्वतःचा मेकअप स्वतः करायला शिकायला, आणि ती लिपस्टिक ओळखायला रबर बँड लावायची, एक रबर म्हणजे लाल, दोन म्हणजे मरून. डब्यावर उठावाची खूण करायला असा कितीसा खर्च येतो? शेडचं सोडवताना हेही डोक्यात असू दे एवढंच, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

आता तू काय करावंस ते. बारा शेड मागू नकोस, बजेट नाही म्हणून पहिल्याच फटक्यात उडवतील. आठच ठेव पण त्या आठ सरकव. आता तुमच्या आठही उजळ टोकाला चिकटून आहेत, दोन शेडमधला फरक इतका बारीक की बाटल्या अदलाबदल केल्या तरी कळणार नाही असं तूच लिहिलंयस. त्यातल्या तीन काढ आणि त्या जागी सावळी, गडद सावळी आणि काळी अशा तीन टाक, अंतर समान ठेव, मधल्या रंगाची बाई दोन मिसळून वापरू शकते, टोकाच्या पलीकडची काहीच करू शकत नाही. केमिस्टला सगळ्यात गडद शेड सगळ्यात आधी बनवायला सांग. शेडची नावं टीमला वाचून दाखव, उजळ बाटल्यांना मोती आणि चंदन आणि गडद बाटल्यांना कॉफी नाहीतर नुसता नंबर, असं असेल तर ते आधी बदल. आणि "मागणी कुठेय" असं परत विचारलं तर बिलांचे आकडे देऊ नकोस, दोन दिवस एखाद्या काउंटरवर उभी राहा आणि किती बायका न घेता गेल्या ते मोजून आण. हा आकडा त्यांच्याकडे नसणार.

तपासणी ऑफिसमधल्या लोकांवर करू नकोस, तिथे सगळे एसीत बसलेले आणि बरेचसे एकाच रंगाचे असतात. दर बुधवारी दुपारी माझ्याकडे सरावाचा वर्ग असतो, पंधरा-वीस मुली बसतात, वाकडेवाडीच्या, बीडच्या, दोन नागपूरच्या, एक केरळची नर्स आहे. सॅम्पल बाटल्या घेऊन ये. हातावर लावायचं नाही, जबड्याच्या रेषेवर मानेपर्यंत ओढायचं, वीस मिनिटं थांबायचं कारण तेलकट त्वचेवर रंग थोडा गडद होतो, मग आधी ट्यूबलाइटखाली, मग फ्लॅश मारून, आणि शेवटी गच्चीवर उन्हात. गच्चीची किल्ली खालच्या काकूंकडे असते, त्यांना मी सांगून ठेवते.